अंगठ्याच्या वरचा मजकूर

भंडाऱ्यातल्या एका दवाखान्यात बिलाच्या खिडकीमागे माझी अठरा वर्षे गेली. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर जोतीराव फुल्यांची तसबीर होती. तीच ती, आपण सर्वांनी शाळेपासून पाहिलेली, पागोटे आणि उपरणे घेतलेली. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये आमच्या जिल्ह्यात आली आणि १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव मिळाले. नवा फलक लागला त्याच आठवड्यात कुणीतरी ही तसबीर आणून टांगली. दर ११ एप्रिलला तिला हार घालण्याचे काम माझ्याकडे असे. पण ज्याच्या गळ्यात हार घालतो त्याचे चरित्र वाचावे, असे मला कित्येक दिवस वाटले नव्हते. ते वाटायला एक प्रसंग घडावा लागला. आधी तो सांगतो, कारण त्याशिवाय हे चरित्र मी का सांगतो आहे ते कळणार नाही.

आमच्याकडे मुतखड्याचे रोगी पुष्कळ. धानाच्या बांधीत उन्हातान्हात राबायचे, घाम गाळायचा आणि पाणी मात्र जेवताना काय पिऊ तेवढेच. मग एखाद्या रात्री कमरेतून अशी कळ निघते की माणूस जमिनीवर लोळतो. पूर्वी पोट किंवा कूस चिरून खडा काढावा लागे. आता लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण वर नेतात, खडा फोडतात आणि मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत वीतभराहून थोडी लांब अशी एक मऊ नळी ठेवून देतात. तिची दोन्ही टोके वळलेली असतात. डॉक्टर तिला डीजे स्टेंट म्हणतात. सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी राहावी, एवढेच तिचे काम. काही आठवड्यांनी ती आठवणीने काढून घ्यायची असते.

डॉक्टरांच्या दृष्टीने हे कसब. माझ्या दृष्टीने ते आकडे. रोगाचा एक संकेतांक असतो आणि उपचाराचा दुसरा. खडा मूत्रपिंडात असेल तर एन २०.०, खालच्या नळीत असेल तर एन २०.१, म्हाताऱ्या माणसाची प्रोस्टेट वाढली असेल तर एन ४०. ही जगभराची यादी. उपचारासाठी योजनेची स्वतःची यादी असते आणि तीत प्रत्येक शस्त्रक्रियेला एकच ठरलेली रक्कम, म्हणजे पॅकेज. खाट, औषधे, तपासण्या, जेवण, शस्त्रक्रियेला लागणारे सामान, इतकेच काय, घरी जायचे भाडेही त्यातच. रोग्याकडून एक पैसा घ्यायचा नाही. माझा भाचा नागपुरात रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिले अशाच आकड्यांत बसवतो. त्याच्या यादीतही तोच न्याय आहे. दुर्बिणीने खडा फोडून नळी ठेवली की त्याचा एकच आकडा, ५२३५६. नळीचा वेगळा आकडा लावून पैसे मागितले तर ती लबाडी ठरते. दुर्बीण आत घातली म्हणून पाहण्याचे वेगळे आणि फोडण्याचे वेगळे, असेही त्याच बैठकीत मागता येत नाही. एका कामाचे चार तुकडे करून चार बिले करू नयेत, एवढाच साधा अर्थ.

आणि तेच मी केले. २०१८ सालची गोष्ट. रोवणी आटोपल्यावर पवनीकडचे एक शेतकरी आले. पिवळे रेशन कार्ड होते, मंजुरीही आली. शस्त्रक्रिया चांगली झाली. पण मला वरून सांगण्यात आले की नळीचे पैसे बाहेरून घ्यायचे. मी चिठ्ठी दिली. त्यांनी मुलाला गावी पाठवून कुणाकडून तरी पैसे आणवले. सुट्टीच्या वेळी मी कागद पुढे सरकवला. उपचार मोफत मिळाले, कुणी पैसे घेतले नाहीत, असे त्यावर छापलेले होते. त्यांना वाचता येत नव्हते. मी वाचून दाखवले नाही. शाईची डबी पुढे केली, त्यांनी अंगठा उमटवला आणि वर मलाच नमस्कार केला. सुट्टीचे कार्ड इंग्रजीत होते. शेवटच्या ओळीत नळी काढायला कधी यायचे ते लिहिले होते. तेही मी सांगितले नाही, कारण ते माझे काम नव्हते.

चौदा महिन्यांनी ते परत आले. नळी आतच राहिली होती आणि तिच्यावर खड्याचे थर चढले होते. अर्ध्या तासात निघाली असती त्या नळीसाठी दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या बाजूचे मूत्रपिंड कसेबसे वाचले. खिडकीशी येऊन त्यांनी मला एवढेच विचारले, की भाऊ, मागच्या खेपेला तुम्ही अंगठा घेतला, त्या कागदावर लिहिले तरी काय होते? रागाने नव्हे, खरोखर माहीत नव्हते म्हणून. मला उत्तर देता आले नाही. मी मान वळवली, तर समोर तसबीर.

त्यानंतर मी जोतीराव वाचायला घेतले. इतरांनी त्यांच्यात समाजसुधारक पाहिला, कुणी बंडखोर, कुणी शिक्षक. मला मात्र पानोपानी एकच गोष्ट दिसत राहिली. कागद लिहिणारा आणि अंगठा देणारा यांच्यामध्ये काय घडते, हे या माणसाने आयुष्यभर पाहिले आणि आयुष्यभर त्याच जागेवर बोट ठेवले.

जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांच्या अमदानीत फुलांचा धंदा केला म्हणून फुले झाले. आई चिमणाबाई मूल वर्षाचे होण्याआधीच गेली. सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले खरे, पण दुकानातल्या कारकुनाने त्यांचे कान भरले, की शिकून पोर शेतीच्या कामातून जाईल. गोविंदरावांनी शाळा सोडवली आणि जोतीरावांच्या हाती खुरपे आले. पुढे शेजारचे गफार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब या दोघांनी पोराची हुशारी ओळखून गोविंदरावांना समजावले, तेव्हा १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. मला ही हकीकत वाचून अंगावर काटा आला. कारकूनही लेखणीचा धनी आणि मुनशीही लेखणीचाच. एकाने पोराला अक्षरापासून तोडले, दुसऱ्याने जोडले. लेखणी काय करील हे ती धरणारावर असते. मी स्वतः कोणत्या बाजूचा, हा प्रश्न तिथेच सुरू झाला.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाईंना आधी स्वतः शिकवले आणि मग त्या शिकवू लागल्या. लोकांच्या दबावाने १८४९ मध्ये गोविंदरावांनी दोघांना घराबाहेर काढले. तेव्हा उस्मान शेख यांच्या घरी आसरा मिळाला आणि फातिमा शेख त्यांच्या कामात आल्या. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात मेजर कँडींच्या हस्ते सरकारने त्यांचा सत्कार केला, त्या वेळी जोतीराव अवघे पंचविशीत होते. १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा सुरू झाली.

त्याच वर्षी त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो. मग शांती, मग जेवणावळ, मग दक्षिणा, असे एकातून एक खर्च निघत जातात आणि नवरा कर्जात बुडतो. शेवटी ती जोडी रात्रीच्या शाळेची वाट धरते. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही. मी ते वाचताना मधेच थांबलो. भीती दाखवायची, माहिती स्वतःपाशी ठेवायची आणि एका कामाचे चार तुकडे करून चारदा पैसे मागायचे. पंचांग असो की संकेतांकांची यादी, पुढच्याला वाचता येत नाही यावरच सगळा धंदा उभा.

जोतीराव कोरडे उपदेशक नव्हते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते हिशेबातले माणूस होते. धातूचे ओतकाम करायला लागणाऱ्या मुशी विकण्याची एजन्सी त्यांनी घेतली होती. पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेल्या आमच्या भंडाऱ्यातल्या कारागिरांना या मुशी काय असतात ते सांगायला नको. पुढे ते बांधकामाचे ठेके घेऊ लागले. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. बिल कसे लिहितात, ते कुठे अडते आणि कुठे फुगते, हे त्यांनी आतून पाहिले होते. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहिला आणि त्याच साली शिक्षणखात्यातल्या पंतोजींवरही रचना केली. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आली. अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना त्यांनी ते पुस्तक अर्पण केले. सरकारी खात्यांतला कागद आणि जागेवरचे काम यांत किती अंतर असते, यावर या पुस्तकात त्यांनी जे लिहिले ते ठेकेदाराच्या अनुभवातून आलेले आहे, ऐकीव नव्हे.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे त्याचे सूत्र. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटजीवाचून पहिला विवाह लागला. जोतीरावांनी लग्नाची मंगलाष्टके मराठीत रचली आणि वधूवरांनी एकमेकांना वचने द्यायची ती स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या भाषेत द्यावीत अशी योजना केली. लोक यात धर्मसुधारणा पाहतात आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याच्या आयुष्याचा करार आहे त्याला त्याचा अर्थ कळला पाहिजे. न कळलेल्या मंत्राला मान डोलावणे आणि न वाचलेल्या कागदावर अंगठा देणे यांत फरक तो काय?

१८७६ ते १८७७ या काळात दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. जोतीरावांनी आणि सहकाऱ्यांनी धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवले. योगायोग असा, की साधारण त्याच वेळी, १८७७ मध्ये, जर्मनीत माक्सिमिलियान निट्झे या तरुण डॉक्टराने माणसाच्या मूत्राशयात उजेड नेऊन आत पाहता येईल अशी दुर्बीण दाखवली. आज माझ्या खिडकीशी येणाऱ्या शेतकऱ्याचा खडा ज्या वाटेने निघतो, त्या वाटेवरचा पहिला दिवा तो. विज्ञानाने शरीराच्या आत प्रकाश नेला; जोतीराव तोच प्रकाश कागदाच्या आत नेऊ पाहत होते. पहिल्या कामात जग कुठल्या कुठे गेले. दुसरे अजून बरेच राहिले आहे.

१८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेने हजार रुपये खर्च करायचे ठरवले तेव्हा विरोधी मत देणारे ते एकटे होते. हा पैसा शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे. सार्वजनिक पैशाची एक ओळ लिहितानाही ती कुणासाठी, हे विचारण्याची त्यांची सवय होती.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे त्यांनी सादर केलेले निवेदन. प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही मागणी आपल्याला पाठ आहे. त्यांनी पुढे अभ्यासक्रमही सांगितला आहे आणि तो कुणी फारसा वाचत नाही. मुलांना मोडी आणि बाळबोध वाचता-लिहिता यावे, हिशेब यावा, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची तोंडओळख, नीती आणि आरोग्याचे चार धडे मिळावेत. आता मोडी का? मोडी ही कुलकर्ण्याच्या दप्तराची आणि सावकाराच्या खताची लिपी. शेतकऱ्याच्या पोराला बाळबोध पुस्तक वाचता आले तरी त्याच्या बापाचे शेत ज्या कागदाने जाते तो त्याला वाचता येणार नव्हता. म्हणून जोतीरावांनी अक्षराबरोबर कागदाची लिपी मागितली आणि हिशेब मागितला. शिवाय आरोग्यही मागितले. आज ते असते, तर सुट्टीचे कार्ड आणि बिल वाचायला शिकवा, असेच त्यांनी सांगितले असते असे मला वाटते.

१८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ तर आमच्यासारख्यांनी वाचलाच पाहिजे. कचेरीत, कोर्टात, सावकाराच्या ओट्यावर अडाणी शेतकऱ्याला कसे नाडले जाते याची ती जणू नोंदवही आहे. नुसती तक्रार नाही, उपायही आहेत. बंधारे आणि तळी बांधून पावसाचे पाणी अडवा, गाळ शेतात जाऊ द्या, जनावरे सुधारा. आमचा भंडारा तलावांचा जिल्हा. मालगुजारी तलाव आणि गावोगावच्या बोड्या यांच्या जिवावर इथला धान उभा राहतो. त्यामुळे हे उपाय वाचताना ते आमच्याच एखाद्या जाणत्याने सांगितल्यासारखे वाटतात.

१८८८ साल त्यांच्या आयुष्यातले विलक्षण वर्ष. मार्चमध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानाच्या समारंभाला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि हिंदुस्थान खरा कसा आहे तो माझ्याकडे पाहून राणीला कळवा, अशा अर्थाचे त्यांना सुनावून आले. ११ मे रोजी मुंबईत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. आणि जुलैत अर्धांगाचा झटका आला. उजवे अंग गेले. लिहिण्याचा हातच गेला. तेव्हा एकसष्टीतल्या त्या माणसाने डाव्या हाताने लिहायचे ठरवले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे शेवटचे पुस्तक त्या हाताने पुरे केले. ते छापून आले १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

या आजारपणात त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. ठेकेदारीत मिळवलेला पैसा शाळांत आणि लोकांत कधीच संपला होता. घरात ओढ होती. १८९० च्या जुलैत मामा परमानंद यांनी सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ज्याच्या नावाने आज लाखो गरिबांचे उपचार होतात, ज्या योजनेची मर्यादा सुरुवातीला कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाख होती आणि २०२३ मध्ये ती पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला, त्या माणसाच्या शेवटच्या आजारात स्नेह्यांना त्याच्यासाठी दुसऱ्याचे दार ठोठवावे लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले.

कथा तिथे संपत नाही. नाडलेल्या विधवांसाठी त्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. तिथे आसऱ्याला आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने पुण्याबाहेर दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रोग्यांना तिथे पोचवू लागल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. म्हणजे दवाखान्याशी या घराचे नाते फलकावरच्या नावापुरते नाही. त्या घरातली बाई रोग्याची शुश्रूषा करता करता मेली.

हे सारे वाचून झाल्यावर मी काय केले? फार मोठे काही नाही. त्या शेतकऱ्यांच्या घरी गेलो आणि त्या कागदावर काय लिहिले होते ते त्यांना सांगितले. नळीचे पैसे घ्यायला नको होते, हेही सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितले. तो चहा मला अजून गिळता आलेला नाही. पैसे परत मिळावेत म्हणून तक्रारीचा अर्ज मीच लिहून दिला आणि सही करण्याआधी तो त्यांना दोनदा वाचून दाखवला. पैसे मिळाले. मूत्रपिंडाचे जे नुकसान झाले ते भरून निघाले नाही.

दवाखान्यात परतल्यावर मी प्रत्येक कागद मोठ्याने वाचू लागलो. रांग लांबू लागली. मालकांना ते रुचले नाही आणि मलाही मग तिथे राहणे रुचेना.

आता घराच्या ओट्यावर बसतो. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसे दवाखान्याच्या पिशव्या घेऊन येतात. परवा एक म्हातारी आली. नवऱ्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेली, कार्ड इंग्रजीत, शेवटच्या ओळीत नळीचा उल्लेख. मी कार्डाच्या मागे मोठ्या बाळबोध अक्षरांत लिहिले, की आत नळी आहे, ती अमुक तारखेला काढायची आहे, विसरू नये. तिच्याबरोबर चौथीतली नात होती. तिच्या हाती कार्ड दिले आणि वाचायला सांगितले. ती बोट ठेवून, अडखळत, पण मोठ्याने वाचत गेली. तारखेपाशी आल्यावर तिने मान वर करून आजीला विचारले, की त्या दिवशी शाळेला सुट्टी घेऊन मीही सोबत येऊ का?